उचकी लागणारा सेट

११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,

मंगळवारी सकाळी पंप सुरू केला, टेकडीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि नेहमीप्रमाणे चहाला घरी आलो, तर दारात पोस्टमन उभा. पार्सल चिमणीच्या नावाचं, पाठवणारा तू. ती क्लासला गेलेली, तुझी वहिनी मागे कपडे वाळत घालत होती. मी सही केली, पार्सल डब्याच्या पिशवीत सरकवलं आणि चहा न घेताच पुन्हा पंपहाउसला गेलो. तिथे हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली, ते नीट ठेवलं आहे. घरात ठेवलं असतं तर कुणाचा पाय लागला असता.

पार्सल पोचल्याचं कळवावं, एवढ्यासाठी हे पत्र. आप्पा गेल्यापासून आपण एकमेकांना आमंत्रणपत्रिकांखेरीज काही धाडलेलं नाही, तेव्हा अक्षर पाहून दचकू नकोस. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढला तर खोडता येतो.

पार्सल मी उघडलं. आत काही काचेचं असेल तर फुटलं नाही ना, ते बघावं म्हणून. काचेचं काही नव्हतं.

सेट चांगला झाला आहे. साबणाच्या डबीत मावणारा बिनतारी सेट तू हाताने बांधलास, आणि सोल्डरचा एकही टाका ओघळलेला नाही. मी भिंग घेऊन पाहिलं. पाच वॉट म्हणजे आमच्या जिन्यातल्या दिव्याइतकीसुद्धा ताकद नाही. एवढ्यावर डोंगरमाथ्यावर बसायचं, झाडावर तार फेकायची आणि दूरदेशीच्या अनोळखी माणसाला ऐकू जाण्याची वाट पाहायची, हे तुलाच जमावं. मला घरातला माझा मोठा सेट बरा. शंभर वॉट. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं.

चिमणी ट्रेनिंगसाठी सहा महिने तुमच्याकडे राहिली, त्याबद्दल मी तुझे आभार मानले नव्हते, ते मानतो. परत आल्यापासून तिच्या तोंडी काका आहेत. काका चहात साखर शेवटी घालतात. काका एरियलची दोरी फांदीवर फेकताना दगड बांधत नाहीत, पाण्याची अर्धी बाटली बांधतात. मी म्हटलं, "मीसुद्धा तुझ्या काकाला दोरी फेकायला शिकवलंय." तर म्हणाली, "हो, काका म्हणाले. तुम्ही कौल फोडलं होतं ना?"

दुसरी गोष्ट तुला ठाऊक असेलच, तरी लिहितो. परवा मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो आणि आतल्या खोलीत ती माझ्या सेटवर टिंबं-रेघांची मोर्स वाजवत होती. मी पेला खाली ठेवला. माणूस जसा चालीवरून ओळखू येतो, तसा तारेच्या खटक्यावरचा हातही ओळखू येतो, हे आप्पांनीच आपल्याला शिकवलं. तिची प्रत्येक शेवटची रेघ जराशी रेंगाळते, उंबऱ्यावर थांबून मागे पाहिल्यासारखी. आप्पांची अशीच रेंगाळायची. तुझी रेंगाळते. माझी नाही. पोर माझी, नाक माझं, कान माझे, आणि हात तुझा.

तिच्या परीक्षा आहेत. संपल्या की सेट देईन. घाई नाही.

दादा


२६ फेब्रुवारी

प्रिय धाकट्यास,

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली नाही, मी ठेवली.

पार्सलात सेटखाली जुन्या मफलरच्या तुकड्यात गुंडाळलेला आप्पांचा पितळी खटका होता. मी तो पाहिला. वरच्या काळ्या बोंडाला त्यांच्या बोटाने पडलेला खळगा अजून आहे. ते तारमास्तर होते ते तारऑफिस बंद झालं तेव्हा त्यांनी तो साहेबाकडून मागून आणला होता, आणि जेवणाच्या टेबलाशी आपण दोघे आळीपाळीने त्यापुढे बसायचो. तू बसलास की आप्पा डोळे मिटून मान हलवायचे. मी बसलो की म्हणायचे, "अरे, वाजवतोस की खिळे ठोकतोस?" तू हसायचास. आईसुद्धा हसायची. आई हसली याचं जास्त लागायचं.

जाताना त्यांनी खटका तुला दिला. मोठा मी. रात्रंदिवस उशाशी मी. आता तू तो चिमणीला पाठवलास. आप्पांकडून तुझ्याकडे, तुझ्याकडून तिच्याकडे, आणि मध्ये मी पोस्टमनच्या पावतीवर सही करणारा. मला पाठवला असतास तर मी घेतला नसता, हे तुला माहीत आहे. पण विचारायचं तरी होतंस.

तिच्या परीक्षा नव्हत्या. तेही लिहून टाकतो.

पार्सल आल्यानंतर आठवडाभराने जेवताना ती म्हणाली, "काका सेट पाठवणार होते वाढदिवसापर्यंत. विसरले वाटतं."

मी म्हणालो, "कामाचा माणूस आहे. बोलून जातो."

तुझ्या वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी बोलून जाणाऱ्यातले नाहीत," ती म्हणाली. "बोलून जाणारे दुसरे."

चिमणी ताटात बोटाने रेघा ओढत बसली. तुला फोन करून विचारणं तिला भिकेसारखं वाटतं, मानी आहे, तेही नाक माझंच. मग वर पाहून म्हणाली, "जाऊ दे. बाबा, तुम्ही शिकवा ना मला तार टाकायला. पुढच्या महिन्यात रेडिओ मंडळाबरोबर समोरच्या डोंगरावर जायचंय, लायसन्स मिळाल्यापासून पहिल्यांदा. मंडळातले दातांचे डॉक्टर त्यांचा सेट देणार आहेत. तुम्हीपण चला."

धाकट्या, मला बरं वाटलं. तिचा चेहरा पडलेला असताना मला बरं वाटलं, हे मी लिहितोय तसंच तू वाच.

तेव्हापासून आम्ही रोज संध्याकाळी टाकीच्या टेकडीवर जातो. वडाला दोरी फेकतो. पहिल्या दिवशी बाटली माझ्याच खांद्यावर पडली. ती म्हणाली, "बाबा, ते झाड आहे, वैरी नाही. जरा प्रेमाने." मग दोघेही इतके हसलो की राखणदार खालून बघायला आला. इतकी वर्षं ती माझ्याशी फक्त "जेवायला चला" आणि "लाईट गेली" एवढंच बोलत होती. आता रस्त्याने माझा दंड धरून चालते. काकांचं नाव घेत नाही.

हे सगळं मला पान्यांच्या खाली ठेवलेल्या एका डबीमुळे मिळालं आहे.

आता शनिवार सकाळचं. ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने माहीत नाही. पंप चालू करून मी सेट आणि खटका घेऊन एकटाच टेकडीवर गेलो. सेट नीट चालतो का, तेवढं पाहायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्या खळग्यात माझं बोट ठेवून पाहायचं होतं. तार वर गेली. बॅटरी जोडली. लायसन्सवरची माझीच कॉलसाइन दिली, कुणाची चोरली नाही. "कोणी आहे का, कोणी आहे का," अशी साद घालत राहिलो. तुझा सेट प्रत्येक अक्षराच्या तोंडाशी सूर किंचित घसरवतो, उचकी लागल्यासारखा. मला वाटलं बॅटरी उतरली असेल.

आणि उत्तर आलं ते तुझं. दोनच अक्षरांत तुझा हात ओळखला. तू म्हणालास, "दादा. उचकी माझ्या सेटची. हात तुझा. चिमणीला आवडला का?"

इतक्या वर्षांनी पहिलं वाक्य. मी बॅटरीची तार उपटली.

मला वाटलं होतं की हजार स्टेशनांच्या गर्दीत कोण कुणाचा सेट ओळखतो. पण बांधणारा आपल्या सेटची उचकी विसरत नसतो, आणि तुझा हात आप्पांचा असला तरी कान आईचा आहे, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

घरी आलो. तुझी वहिनी म्हणाली, "चेहरा असा का?" मी म्हटलं, "उचकी लागली होती." ती म्हणाली, "मग कुणीतरी आठवण काढत असेल."

पार्सल अजून पेटीतच आहे.

दादा


६ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. "दादा, तिला सांगू नकोस की मला कळलंय. सवडीने दे. बॅटरी आधी रात्रभर चार्ज कर, नाहीतर उचकी वाढते."

एवढंच?

मला रागावायचं होतंस. इतक्या वर्षांचं सगळं काढायचं होतंस, मीही काढलं असतं, दोन-चार पत्रं चांगली जळजळीत झाली असती आणि आपण फिट्टंफाट झालो असतो. तू मला बॅटरी चार्ज करायला सांगतोस. लहानपणीही तू असंच करायचास. मी तुझी पाटी फोडली, तर तू आप्पांना म्हणालास, "माझ्या हातून पडली." त्या दिवशी मला मार बसला नाही, पण तो वळ अजून आहे. चुकायचं मी आणि मोठं व्हायचं तू. याचा मला फार त्रास होतो, धाकट्या. तुझ्या सोल्डरच्या टाक्यांचा होतो, तुझ्या घरातल्या चहाचा होतो, तिने तुमच्या गच्चीचं वर्णन केलं तर त्या गच्चीचासुद्धा होतो.

गावच्या शाळेत आपले गुरुजी म्हणायचे की मनातलं देवाला सांगावं, तो चहाडी करत नाही. मी रोज पहाटे दिवा लावून बसतो. आजवर बसल्यावर मन निवायचं. हल्ली मी देवाला कारणं देतो. सेट नाजूक आहे. पोर अजून शिकते आहे. योग्य वेळ येऊ दे. तो ऐकून घेतो, काही म्हणत नाही, आणि मी उठतो तेव्हा मला जास्तच एकटं वाटतं.

काल एरियल गुंडाळताना चिमणीने विचारलं, "बाबा, काका माझ्यावर रागावलेत का?"

"का रागावतील?"

"मी निघताना त्यांच्या पाया न पडताच गाडीत बसले. उशीर झाला होता. ते कदाचित..." हातातला दोरीचा गुंडा तिने तीन वेळा सोडला आणि तीन वेळा गुंडाळला.

म्हणजे इतके दिवस ही पोर तुझा नाही, स्वतःचा दोष शोधत होती. मी म्हणालो, "तसं काही नसेल." नसेल! मला माहीत होतं की नाही, आणि मी नसेल म्हणालो.

मला काय भीती आहे ते एकदाच लिहितो. सांगितलं तर ती पुन्हा तुझी होईल आणि माझ्याशी बोलणंही सोडेल. नाही सांगितलं तर माझा दंड धरून डोंगरावर येईल, आणि मी वर बसून दातांच्या डॉक्टरांच्या महागड्या सेटवर तुझा हात वाजताना ऐकेन. दोन्हीकडून तूच.

पंधरा तारखेला रविवार आहे. ती सकाळी नऊच्या सुमारास वर पोचेल. नेहमीच्या फ्रिक्वेन्सीवर ऐकत बस. कुठल्या सेटवरून बोलेल ते आज मला सांगता येत नाही.

बॅटरी चार्जिंगला लावली आहे.

दादा


१७ मार्च

प्रिय धाकट्या,

शुक्रवारी संध्याकाळी तिला टेकडीवर न नेता पंपहाउसमध्ये नेलं. पेटी उघडली, पाने बाजूला केले, डबी तिच्या हातात दिली. मफलरचा तुकडा तिनेच सोडवला. खटका पाहून तिचा हात तोंडाशी गेला.

"कधी आलं?"

"फेब्रुवारीत. तू क्लासला होतीस."

"आणि तुम्ही म्हणालात काका बोलून जातात."

"हो."

"का?"

पंप चालू होता, तरी ती हळूच विचारत होती. मी म्हणालो, "तुझा हात त्याच्यासारखा पडतो म्हणून." मोठ्याने बोलल्यावर ते किती पोरकट वाटलं, काय सांगू.

तिने डबी कानाशी धरून हलवली, झाकण उघडलं, बंद केलं. मग म्हणाली, "लपवायचंच होतं तर तेलकट पान्यांखाली तरी नाही ठेवायचं. डाग पडलाय." आणि जाताना, पाठमोरीच, "रविवारी तुम्ही नका येऊ, बाबा."

मी आलो नाही, म्हणजे गेलो नाही.

रविवारी पहाटे दिवा लावून बसलो. कारणं संपली होती, त्यामुळे नुसताच बसलो. मग माझा मोठा सेट सुरू केला आणि स्पीकर लावला. तुझ्या वहिनीने चहा आणून ठेवला आणि उभीच राहिली. "नुसतं ऐकणार?" मी म्हटलं, "नुसतं ऐकणार." ती म्हणाली, "बघू या," आणि खुर्ची ओढून बसली.

नऊनंतर थोड्या वेळाने उचकी लागली. ती होती. समोरचा डोंगर म्हणजे मला हाकेच्या अंतरावर, मला ती लख्ख येत होती. पण रेडिओलहरींना हवा त्या दिवशी मेलेली होती. ती तुला साद घालत होती, तू तिला हाका मारत होतास, मला तुम्ही दोघेही ऐकू येत होता आणि तुम्ही एकमेकांच्या शेजारून निघून जात होता. तुझा सूर तिच्या चिमुकल्या सेटला पकडता येत नव्हता. तिचे पाच वॉट वाटेतच विरत होते. ती पुन्हा पुन्हा साद घालत होती आणि दर वेळी शेवटची रेघ थोडी जास्त रेंगाळत होती. पोर दमली की असं होतं.

धाकट्या, थोडा वेळ मी तसाच बसलो. किती ते विचारू नकोस. खरं सांगायचं तर मला ते आवडलं.

मग तुझी वहिनी म्हणाली, "अहो, तिचा आवाज रडवेला नाही वाटत तुम्हाला?" तिला मोर्सचं एक अक्षर कळत नाही.

मी खटक्यावर बोट ठेवलं आणि दोघांच्या मध्ये शिरलो. "थांबा. मी दोघांना ऐकतो. मी निरोप देतो." पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्याकडे त्यातलं अर्धंच आलं. ती म्हणाली, "काकांना सांगा, सेट सुंदर आहे." मी तुला दिलं. तू म्हणालास, "तार कुठल्या झाडावर?" मी तिला दिलं. ती म्हणाली, "जांभळावर. तार बाबांनी शिकवल्यासारखी टाकली, पहिल्या फेकीत." मी तुला दिलं, आणि खिळे ठोकल्यासारखंच दिलं. ती म्हणाली, "निघताना पाया पडायचं राहिलं." ते देताना मी दोन अक्षरं चुकलो, पुन्हा पाठवली.

मग तू म्हणालास की तिची अक्षरं तुला लागत नाहीत, पण धुक्यात एखादा माणूस जाताना दिसावा तशी तिची चाल तेवढी ऐकू येते आहे. आणि म्हणालास, "तिला सांग, हात आप्पांचा आहे."

त्यानंतर तू खरखरीत बुडालास. मी तुला तीनदा हाक मारली, तू आला नाहीस.

ते वाक्य आयुष्यभर मी स्वतःसाठी ऐकायची वाट पाहिली होती. टेबलावर बसून, आप्पांचे डोळे मिटायची वाट पाहत. आता ते माझ्या कानात होतं आणि डोंगरावर कुणाच्याही नाही. तू ते बोललास हे तिला माहीत नव्हतं. मी ते पुढे दिलं की नाही, हे तुला कळायला मार्ग नव्हता. ती विचारत होती, "बाबा, काका काय म्हणाले? बाबा?"

म्हणून हे पत्र लिहितो आहे.

दिलं. "काका म्हणतात, हात आप्पांचा आहे." माझे शंभर वॉट, मधे काही नाही, तिला मी शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा येत होतो. एकदा पुरलं असतं.

दोनदा दिलं.

दादा